विमान घेतलें, ठेवावयाचें कोठें?

घोडा विकत घेणारा मनुष्य आधीं तबेल्याची सोय पाहत असे. मोटार घेणारा गॅरेजची पाहतो. विमान घेणारा मात्र पुष्कळदां विमानाच्या रंगाचा, यंत्राचा आणि आसनांचा विचार करण्यांत इतका रंगून जातो कीं, तें रात्रीं मुक्कामाला कोठें राहणार, हा प्रश्न त्याला पैसे चुकते केल्यावर सुचतो. मग जवळचा म्हणून किंवा स्वस्त म्हणून जो तळ सांपडेल तो तो पत्करतो, आणि वर्षभरानें त्याच्या ध्यानांत येतें कीं, विमान निवडण्यापेक्षां त्याचा तळ निवडणें हीच अधिक कठीण गोष्ट होती.

खासगी विमान म्हटलें कीं आपल्याकडे एखाद्या कोट्यधीशाचें झगमगीत जेट डोळ्यांपुढें उभें राहतें. येथें तो विषय नाहीं. अमेरिकेंत दोन लाखांवर लहान विमानें आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळांचे मालक शिक्षक, दंतवैद्य, इंजिनियर अशा मध्यम स्थितींतील व्यवसायांतले आहेत. एका विमानांत दोघांतिघांची भागीदारी असणें हीहि नित्याची गोष्ट आहे. सेस्ना १७२ या नांवाचें चार आसनांचें, एका यंत्राचें विमान १९५५ सालीं प्रथम उडालें. तेव्हांपासून त्याच्या ४४ हजारांहून अधिक प्रती निघाल्या आहेत, आणि आज उडणाऱ्या त्या विमानांपैकीं कित्येक आपल्या मालकाहून वयानें वडील आहेत. अशा विमानांना उतरावयास त्या देशांत सुमारें पांच हजार सार्वजनिक तळ आहेत. इतके तळ असतां निवडीची अडचण ती कोणती, असें कोणासहि वाटेल. पण शहरांत घरें लाखों असतात, म्हणून बिऱ्हाड शोधणें सोपें होतें असें कोठें आहे?

उदाहरणादाखल सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या कांठचा मुलूख घ्यावा. मराठी कुटुंबांची तेथें मोठी वस्ती आहे, त्यामुळें तेथील गांवांचीं नांवें आपल्या घरांतहि परिचयाचीं झालीं आहेत. या एका मुलुखांत पालो आल्टो, सॅन कार्लोस, रीड-हिलव्ह्यू, हेवर्ड, लिव्हरमोर, सॅन मार्टिन, हाफ मून बे असे कितीतरी लहान तळ तासदीड तासाच्या अंतरांत आहेत. सनीव्हेल किंवा सॅन होझे येथें राहणाऱ्या एखाद्या गृहस्थानें दोन मित्रांच्या भागीदारींत जुनी सेस्ना घेतली आहे, असें समजूं. त्यानें कोणता तळ पत्करावा?

पहिला विचार अंतराचा. दूरचा तळ पुष्कळदां स्वस्त असतो, आणि कागदावर मांडलेल्या हिशेबांत तो फायद्याचा दिसतो. लिव्हरमोरचा रस्ता मोकळा असला तर पाऊण तासाचा. पण त्या भागांतील कचेऱ्या सुटण्याच्या वेळीं रस्ता मोकळा असतो, असें तेथील कोणीहि सांगणार नाहीं. मग होतें असें कीं, मंगळवारीं सायंकाळीं सहज अर्धा तास उडून येऊं, हा बेत रहित होतो. शनिवारीं घरचें काम निघतें. आणि विमान महिना महिना जागचें हलत नाहीं. यांत केवळ पैसा वायां जातो एवढेंच नाहीं. यंत्र बंद राहिलें म्हणजे आंतील भागांवरील तेलाचा पातळ लेप ओघळून जातो, दमट हवेचें पाणी धातूवर बसतें, आणि यंत्राच्या झडपा उघडणारा दांडा गंजूं लागतो. मालकाचाहि हात असाच गंजतो. अमेरिकेचा नियम असा आहे कीं, उतारूंना बरोबर घेऊन उडावयाचें असेल, तर वैमानिकानें मागील ९० दिवसांत निदान तीन उड्डाणें व तीन अवतरणें केलेलीं असलीं पाहिजेत. हा नियम अगदीं किमान मर्यादा सांगतो. तीन महिन्यांत तीनदांच वाजविलेल्या सतारीनें मैफल करावी, असें तिचा अर्थ कोणी करूं नये. म्हणून तळ घराजवळ असणें ही चैन समजूं नये. बायकोमुलांना शेजारीं बसवून उडणाऱ्या मनुष्याच्या बाबतींत तो त्यांच्या जिवाशीं संबंध असलेला प्रश्न आहे.

परंतु जवळचा तळ धुक्यांत बुडलेला असेल, तर त्याचें जवळपण काय कामाचें? हवेचा विचार सर्वांत अधिक बारकाईनें करावा लागतो, आणि येथेंच बहुतेक नवे मालक घाई करतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचें समुद्राचें पाणी ऐन उन्हाळ्यांतहि थंडगार असतें. त्यावरून येणारी दमट हवा गारठून तिचे खालच्या थराचे ढग व धुकें बनतें. पलीकडे डोंगरांच्या आड असलेलें मोठें खोरें त्याच वेळीं तापलेलें असतें. तेथील हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा आंत ओढली जाते. डोंगरांत जेथें जेथें खिंड असेल तेथून हें धुकें सायंकाळीं आंत शिरतें, रात्रभर मुक्काम करतें, आणि दुसरे दिवशीं ऊन चढल्यावर मागें हटतें. हाफ मून बे हा तळ अगदीं समुद्राकांठीं. त्याची धांवपट्टी ५,००० फूट लांब, देखावा मोहक, आसपास गर्दी थोडी. पण उन्हाळ्यांत कित्येक दिवस सकाळच्या सकाळ तो ढगांच्या पांघरुणाखालीं असतो. ज्याला सकाळीं आठ वाजतां निघून दुपारीं जेवणास परत यावयाचें आहे, त्यानें हा तळ घेतला तर देखावाच पाहत बसावें लागेल. याउलट लिव्हरमोर डोंगराच्या आड. तेथें समुद्राचें धुकें क्वचितच ठाण मांडतें, परंतु उन्हाळ्याचा ताप कडक. आणि त्याच्याहि पलीकडे मोठ्या खोऱ्यांत, ट्रेसीच्या बाजूला, स्वस्त तळ पाहून कोणी गेला, तर हिंवाळ्यांत पावसानंतरच्या शांत रात्रीं जमिनीलगतच जमणारें दाट धुकें त्याची वाट अडवितें. एकाच मुलुखांत एका तळाला उन्हाळा वर्ज्य, दुसऱ्याला हिंवाळा. वर्षाच्या एकाच ऋतूंत जाऊन पाहणी करणाऱ्यास हें कसें कळावें?

हा अनुभव आपल्याकडे नवीन नाहीं. जुहू येथील विमानतळ १९२८ सालीं सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें आपल्या पस मॉथ विमानानें येथेंच उतरले. समुद्राकांठची ती सपाट भूमि कोरड्या दिवसांत उत्तम होती. पण पावसाळा सुरू झाला कीं तीवर पाणी सांचे, आणि टाटांना आपल्या टपालसेवेचा मुक्काम तेवढ्या महिन्यांपुरता पुण्यास हलवावा लागे. तारीख नीट पाहावी. तें पहिलें उड्डाण ऑक्टोबरांतलें आहे. जुलईंत कोणी जुहूची निवड करावयास गेला असता, तर त्यानें वेगळाच निर्णय घेतला असता.

ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारानें उडण्याचा वेगळा परवाना असतो, आणि तो ज्याच्यापाशीं आहे त्याला पातळ थराच्या ढगाचें एवढें भय नाहीं. तथापि परवाना म्हणजे अभय नव्हे. १७ फेब्रुवारी २०१० रोजीं सकाळीं पालो आल्टो येथून दाट धुक्यांत निघालेलें दोन यंत्रांचें एक खासगी विमान जवळच्याच विजेच्या तारांच्या खांबावर आदळलें आणि आंतील तिघेहि मरण पावले. धांवपट्टी आपणांस दिसत नाहीं, निघावयाचें असल्यास तें स्वतःच्या जबाबदारीवर, असें नियंत्रकानें वैमानिकास त्यापूर्वी सांगितलें होतें. तळाच्या आसपास काय उभें आहे, कोणत्या दिशेला तारा आहेत, यंत्र ऐन वेळीं बंद पडलें तर पुढें मोकळी जागा आहे कीं घरें, हें नकाशावर पाहून भागत नाहीं. धांवपट्टीच्या दोन्ही टोकांपुढें मोटारीनें एक फेरी मारून यावी.

धांवपट्टीच्या लांबीचा हिशेब शाळेंतल्या त्रैराशिकाइतका सोपा आहे, तरी तो करण्याचा पुष्कळांना कंटाळा असतो. सेस्ना १७२ च्या अलीकडच्या एका प्रकाराच्या माहितीपुस्तकांत असें दिलें आहे कीं, पूर्ण भार, समुद्रसपाटी, १५ अंश उष्णता, वारा नाहीं आणि पट्टी कोरडी, अशा स्थितींत विमान ९६० फूट धांवून जमीन सोडतें, आणि ५० फुटांचा अडथळा ओलांडण्यास आरंभापासून १,६३० फूट लागतात. हे आंकडे नवें कोरें विमान आणि निष्णात वैमानिक यांनीं काढलेले. आपलें विमान जुनें व हात मध्यम, हें मनांत धरून या आंकड्याची दीडपट करावी, अशी तेथील वैमानिकांच्या संघटनेची शिफारस आहे. दीडपट केली म्हणजे २,४४५ फूट होतात. आणि पालो आल्टोची धांवपट्टी आहे २,४४३ फूट! म्हणजे थंड दिवशीं, समुद्रसपाटीवर, हिशेब जेमतेम जुळतो. तेथें रोज शेंकडों उड्डाणें सुखरूप होतात, हें खरें. पण तीं करणाऱ्यांनीं ओझें आणि वारा यांचा हिशेब रोज केलेला असतो. सॅन कार्लोसची पट्टी २,६२१ फूट, सॅन मार्टिनची सुमारें ३,१०० फूट, हेवर्डची मोठी पट्टी ५,६९४ फूट. शिकाऊ हाताला या आंकड्यांतील फरक फार मोठा असतो.

यांत ओझ्याची गोष्ट आलीच. चार आसनें म्हणजे चार माणसें, असा समज विमान घेणाऱ्याच्या घरांत हटकून असतो. या विमानाची एकूण भारमर्यादा २,५५० पौंड. त्यांतून विमानाचें स्वतःचें वजन वजा जातां सुमारें साडेआठशें पौंड उरतात. टांक्या भरून घेतल्या तर कामास येणारें ५३ गॅलन पेट्रोल, गॅलनला सहा पौंडांप्रमाणें, ३१८ पौंड खातें. उरलेल्या भारांत तीन प्रौढ माणसें बसतात, चौथें बसत नाहीं; आणि दिवाळीच्या फराळाचे डबे तर नाहींतच. तळ आंखूड असेल, तर तिसऱ्या माणसाचाहि विचार करावा लागतो.

यावर उष्णतेची भर पडते. हवा तापली कीं विरळ होते. विरळ हवेंत पंखांना आधार कमी, पंख्याला पकड कमी आणि यंत्राला श्वास कमी. स्थूल मानानें, त्या उंचीच्या ठरीव उष्णतेहून दर अंशामागें तळ १२० फूट अधिक उंचावर आहे, असें विमानाला वाटतें. लिव्हरमोर समुद्रसपाटीपासून अवघें ४०० फूट उंच. पण पारा ३८ अंशांवर चढला कीं तेथील विमान सवातीन हजार फुटांच्या डोंगरावर असल्यासारखें वागतें. सुटीला पर्वतांतील ट्रकी येथें जाणाऱ्यांनीं तर हें पाठच करावें. तो तळ ५,९०४ फुटांवर आहे; ३० अंशांच्या दुपारीं तो नऊ हजार फुटांचा होतो, आणि साध्या यंत्राची सुमारें चतुर्थांश शक्ति नाहींशी झालेली असते. आपला स्वतःचा तळ समुद्रकांठीं असला, तरी बहुतेक वेळां जाणार कोठें, याचा विचार तळ निवडतांनाच व्हावा.

वाऱ्याची दिशा व पट्टीची दिशा यांचा मेळ हवा, हें उघड आहे. पट्टीच्या टोकावर रंगविलेला आंकडा होकायंत्रावरील तिच्या दिशेचा दशांश असतो. ३१ म्हणजे सुमारें ३१० अंश, अर्थात् वायव्य. उपसागराच्या पश्चिम कांठीं उन्हाळ्यांत दुपारीं वारा बहुधा त्याच बाजूनें येतो, म्हणून पालो आल्टोची पट्टी त्या दिशेनें आंखलेली असणें साहजिकच आहे.

आकाशांतहि हद्दी आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या विमानतळाभोंवतीं नियंत्रित आकाशाचे थर उलटी उतरंड ठेवावी तसे रचलेले आहेत. वर रुंद, खालीं अरुंद. तिच्या पोटाखालून लहान विमानांनीं विनापरवानगी जावें, वर मात्र परवानगीनें. २०२० च्या जानेवारीपासून अशा भागांत उडणाऱ्या विमानांत आपला ठावठिकाणा आपोआप कळविणारें उपकरण असावेंच लागतें. जुन्या विमानाच्या खरेदीदारानें तें आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. पालो आल्टो, सॅन कार्लोस, हेवर्ड, रीड-हिलव्ह्यू येथें नियंत्रण-मनोरे आहेत; सॅन मार्टिन व हाफ मून बे येथें नाहींत, तेथें वैमानिक एकाच ठराविक ध्वनिलहरीवर आपापली जागा एकमेकांस सांगत उतरतात. कोणती पद्धति बरी, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. ज्या पद्धतींत मनुष्य शिकला ती त्याला बरी वाटते, यापलीकडे त्या वादांत फारसा अर्थ नाहीं.

आतां निवाऱ्याचा प्रश्न. विमान उघड्यावर, दोन पंखांना व शेंपटीला दोर बांधून ठेवतां येतें. किंवा हँगर म्हणजे बंदिस्त छप्पर भाड्यानें मिळतें. उघड्या जागेचें भाडें हँगरच्या मानानें फार थोडें असतें. पण कॅलिफोर्नियाचें ऊन रंग फिका करतें आणि खिडक्यांचें पारदर्शक प्लॅस्टिक तडकवितें. समुद्राकांठची खारी हवा तर ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या सांध्यांत आणि रिव्हेटांच्या कडेनें मुकाट्यानें काम करीत असते. वर्षांतून एकदां सक्तीची तपासणी होते, तेव्हां पत्रा उघडला जातो आणि मग तिचें काम दिसतें. हाफ मून बे येथें विमान उघड्यावर ठेवून भाड्यांत केलेली बचत अशा एका दुरुस्तींत जाऊं शकते. आंतल्या कोरड्या बाजूला उघड्यावरचें विमानहि वर्षानुवर्षें बरें राहतें. सरकारी अनुदान घेतलेल्या तळांवरील हँगर विमानविषयक कामासाठींच वापरावे, अशी केंद्रीय उड्डाणखात्याची सक्त सूचना असून तिचें सुधारलेलें स्वरूप १ जुलई २०१७ पासून अंमलांत आहे. ती काढण्याची वेळ यावी, यांतच सर्व आलें! विमान विकून टाकलेलीं माणसें हँगरांत जुनीं कपाटें आणि नौका ठेवीत, आणि विमानवाले बाहेर रांगेंत उभे राहत.

तळावर परवानाधारक कारागीर आहे काय, हेंहि पाहावें. नसला तर चाकांतील एवढ्यातेवढ्या बिघाडासाठीं विमान दुसरीकडे न्यावें लागतें. आणि बिघडलेलें विमान दुसरीकडे नेणें हा मोठाच विनोद आहे. कर थोडक्यांत असा: कॅलिफोर्नियांत विमानावर दरवर्षीं त्याच्या किंमतीच्या सुमारें एक टक्का मालमत्ताकर पडतो, आणि तें न उडतांना जेथें सामान्यतः ठेवलेलें असतें त्या काउंटीला, म्हणजे आपल्या भाषेंत जिल्ह्याला, तो मिळतो. १ जानेवारीची स्थिति त्यासाठीं धरतात.

इथवर जें सांगितलें, तें मोजतां येतें. न मोजतां येणारा, आणि म्हणूनच पुष्कळांकडून सुटणारा प्रश्न असा कीं, हा तळ आणखी वीस वर्षांनीं असेल काय? शिकागो शहरांत सरोवराकांठीं १९४८ पासून मेग्ज फील्ड नांवाचा एक सुंदर तळ होता. ३० मार्च २००३ च्या रात्रीं महापौर रिचर्ड डेली यांच्या हुकुमावरून यंत्रें आंत शिरलीं आणि त्यांनीं धांवपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून ठेवल्या. सकाळीं पाहतात तों तेथें सोळा विमानें अडकलेलीं! पुढें त्यांना बाजूच्या अरुंद रस्त्यावरून उडूं देण्यांत आलें. शहराला दंड झाला तो ३३ हजार डॉलरचा. तळ मात्र परत आला नाहीं. लॉस एंजेलिसजवळचा सान्ता मोनिका येथील तळ कराराप्रमाणें ३१ डिसेंबर २०२८ नंतर बंद करण्याचा अधिकार त्या शहराला मिळाला आहे, आणि त्याची धांवपट्टी २०१७ सालींच कापून ३,५०० फुटांवर आणली गेली.

मुंबईकरांना हें समजावयास दूर जावयास नको. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ पासून जुहूचा. पण शहर चोहों बाजूंनीं वाढलें, सान्ताक्रूझचा मोठा विमानतळ अगदीं शेजारीं आला, जुहूला मुख्यत्वें हेलिकॉप्टरांचा राबता राहिला, आणि क्लबचें विद्यार्थ्यांना उडावयास शिकविण्याचें काम धुळ्यास गेलें.

उपसागराच्या मुलुखांत हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे तो रीड-हिलव्ह्यू येथें. सनीव्हेल-सॅन होझेच्या गृहस्थाला हा तळ सर्व दृष्टींनीं सोयीचा: जवळ, समांतर दोन धांवपट्ट्या, हवा बरी, शिकविणारे व दुरुस्ती करणारे भरपूर. पण त्याच्या कुंपणालगत दाट वस्ती आहे आणि शाळा आहेत. लहान विमानांच्या नेहमींच्या पेट्रोलांत शिसें असतें. मोटारींच्या पेट्रोलांतून तें केव्हांच गेलें, येथें मात्र राहिलें, कारण जोरकस यंत्रांना त्यावांचून ठोके बसतात. सान्ता क्लारा काउंटीनें केलेल्या आणि २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, सुमारें १७ हजार रक्तनमुन्यांच्या आधारें, तळापासून अर्ध्या मैलाच्या आंत राहणाऱ्या मुलांच्या रक्तांत दूरच्या मुलांहून अधिक शिसें आढळलें. त्यानंतर १ जानेवारी २०२२ पासून काउंटीनें आपल्या तळांवर शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री बंद केली.

वैमानिकांनीं यावर बरेंच आकांडतांडव केलें. विनाशिशाचें जें इंधन तेव्हां मिळे तें सर्व यंत्रांना चालत नसे, ही त्यांची तक्रार खरी होती. १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रीटा भूकंपांत रस्ते तुटले असतां लहान खासगी विमानांनींच वॉटसनव्हिलच्या लोकांना मदत पोंचविली, हाहि त्यांचा दाखला खरा आहे. परंतु लहान मुलाच्या मेंदूला शिसें बाधतें, ही गोष्ट विवाद्य नाहीं, आणि हौशीचें मोल शेजाऱ्याच्या मुलानें द्यावें, हें कोणत्याहि न्यायांत बसत नाहीं. कुंपणाबाहेरच्या आईबापांची बाजू येथें वरचढ आहे. वैमानिकांचें हित सुद्धां त्यांच्याशीं भांडण्यांत नसून नवें इंधन लवकर आणण्यांत आहे. तें आणण्याचे प्रयत्न चालू आहेत: सर्व पेट्रोल-यंत्रांना चालेल असें एक विनाशिशाचें इंधन सप्टेंबर २०२२ मध्यें संमत झालें व २०२४ सालीं रीड-हिलव्ह्यू येथें विक्रीस आलें, मात्र त्यानें विमानांचा रंग बिघडतो, अशा तक्रारी कांहीं मालकांनीं केल्या आहेत. केंद्रीय खात्यानें शिसें घालविण्यासाठीं २०३० ची मुदत ठरविली आहे.

अशा तळाचें भवितव्य ओळखण्याची एक साधी किल्ली आहे. केंद्रीय खात्याकडून सुधारणेसाठीं अनुदान घेतलें कीं, तळाच्या चालकांवर तो बहुधा वीस वर्षें चालू ठेवण्याचें बंधन पडतें. ज्या तळाचा चालक अनुदान मागतो, त्याचा तळ चालविण्याचा विचार आहे. ज्यानें मागणें सोडलें, त्याच्या मनांत दुसरें कांहींतरी आहे. काउंटीनें रीड-हिलव्ह्यूसाठीं २०११ नंतर अनुदान घेतलेलें नाहीं. त्यामुळें तेथील बंधन २०३१ सालीं सुटतें, आणि ती जागा घरांसाठीं मोकळी करावी, असें म्हणणारा पक्ष प्रबळ आहे. शेवटचें अनुदान कोणत्या सालीं घेतलें, हें तळाच्या कचेरींत विचारल्यास कळतें. तो प्रश्न विचारणारा भाडेकरू मात्र विरळा.

तर आपल्या सनीव्हेलच्या गृहस्थानें काय करावें? तो पांचसहा वर्षांपुरतें विमान बाळगणार असेल, तर रीड-हिलव्ह्यू अजूनहि त्याच्या सोयीचा आहे. मात्र आपल्या यंत्राला कोणतें इंधन चालतें आणि तेथें त्या दिवशीं कोणतें मिळतें, हें त्यानें आधीं पाहावें. हात बसलेला असेल आणि दोघेच उडणारे असतील, तर पालो आल्टोच्या आंखूड पट्टीला भिण्याचें कारण नाहीं. कुटुंबासह पर्वतांत जाण्याची हौस असेल, तर हेवर्ड किंवा लिव्हरमोरची लांब पट्टी बरी, आणि रस्त्यावरचा वेळ सोसावा. सॅन मार्टिन दक्षिणेकडे राहणाऱ्यांना चांगला. पण तोहि त्याच काउंटीचा असल्यानें इंधनाचा प्रश्न तेथेंहि विचारून घ्यावा.

निर्णय करण्यापूर्वी त्या तळावर एक शनिवार सकाळपासून दुपारपर्यंत जाऊन बसावें, आणि एक बुधवारहि. शनिवारीं गर्दी कळते. बुधवारीं कारागिराला बोलावयास सवड असते. कोणाचें विमान किती दिवस दुरुस्तींत पडून आहे, वारा दुपारीं कसा फिरतो, पेट्रोलाचा पंप किती वेळां नादुरुस्त असतो, हें त्याच्याइतकें कोणी सांगणार नाहीं. भागीदारांना बरोबर न्यावें, म्हणजे पुढचे वाद पुढें होत नाहींत. आणि येतांना कचेरींत जाऊन हँगरच्या प्रतीक्षायादींत नांव घालून यावें, विमान अजून विकत घेतलेलें नसलें तरी. या मुलुखांत ती यादी वर्षांच्या मापानें पुढें सरकते. मध्यंतरीं बिऱ्हाड बदललें, तर नवा पत्ता त्यांना न विसरतां कळवावा.